लाफ्रॉइग: हा धूर येतो कुठून आणि बाटली कोणती घ्यावी

लाफ्रॉइगची १० वर्षांची व्हिस्की ग्लासात ओतली की आधी नाकात शिरतो तो टिंक्चर आयोडीनचा वास. त्यामागून डांबर, ओल्या लाकडाचा धूर, किंचित खारटपणा आणि हे सगळं ओसरू लागल्यावर, बऱ्याच उशिरा, व्हॅनिलाची गोडी. काहींना हा वास दवाखान्याचा वाटतो आणि ते ग्लास बाजूला सारतात. त्यांची तक्रार रास्त आहे. फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही या वासामागची रसायनं जंतुनाशकांच्याच घराण्यातली आहेत. पटत नाही ते एवढंच, की दुकानदार आणि जाहिराती या वासाचं सगळं श्रेय समुद्रावरच्या वाऱ्याला देतात. हा वास माणसांनी भट्टीत आणि तांब्याच्या हंड्यांत ठरवून आणलेला आहे. तो कुठे मिळतो आणि कुठे हरवतो हे कळलं, की लाफ्रॉइगच्या बाटल्यांमधून आपली बाटली निवडणं सोपं जातं. आमचं मत आधीच सांगतो: ४० टक्के मद्यार्काची साधी १० वर्षांची बाटली ओळखीपुरती ठीक आहे, पण या डिस्टिलरीची मेहनत खरी दिसते ती क्वार्टर कास्कमध्ये आणि १० वर्षांच्या कास्क स्ट्रेंग्थमध्ये, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच तीव्रतेने भरलेल्या बाटलीत.

डिस्टिलरी आहे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयला बेटावर, दक्षिण किनाऱ्याला. पोर्ट एलन गावातून पूर्वेकडे निघालं की लाफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या एकाच रस्त्यावर ओळीने लागतात. अलेक्झांडर आणि डोनाल्ड जॉन्स्टन या भावांचं कुटुंब गुरं पाळणारं. त्यांनी १८१५ मध्ये इथे अधिकृतपणे व्हिस्की गाळायला सुरुवात केली. १८३६ मध्ये अलेक्झांडर आपला वाटा भावाला विकून ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८४७ मध्ये डोनाल्ड डिस्टिलरीतच उकळत्या द्रवाच्या टाकीत पडून दगावला, असं सांगितलं जातं.

या इतिहासातला सर्वात बोलका प्रसंग १९०७-०८ चा. लाफ्रॉइगचा माल बाजारात विकण्याचं काम तोवर शेजारच्या लागावुलिनचे मालक मॅकी यांच्या कंपनीकडे होतं. लाफ्रॉइगने ते काढून घेतल्यावर पीटर मॅकींनी लाफ्रॉइगकडे येणारं पाणीच अडवलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि पाणी पुन्हा सोडावं लागलं. मग मॅकींनी १९०८ मध्ये लागावुलिनच्याच आवारात ‘मॉल्ट मिल’ नावाची छोटी डिस्टिलरी उभारली. हंडे लाफ्रॉइगसारखे, परिसर तोच, उद्देश उघड: लाफ्रॉइगची हुबेहूब नक्कल. मॉल्ट मिल १९६२ पर्यंत चालली, पण तिची व्हिस्की लाफ्रॉइग कधीच झाली नाही. बेट तेच, वारा तोच, हंड्यांचा घाटही तोच. तरी चव वेगळी. म्हणजे शोध घ्यायचा तो कामाच्या पद्धतीत.

ती पद्धत आज आपण ओळखतो त्या रूपात आणली इयन हंटर यांनी. जॉन्स्टन घराण्याच्या नात्यातले हे शेवटचे मालक १९०८ मध्ये बेटावर आले. १९२१ मध्ये त्यांनी डिस्टिलरीची जमीन विकत घेतली आणि १९२३ मध्ये हंड्यांची संख्या दुप्पट केली. बर्बनची, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीची, जुनी पिंपं नेमाने वापरण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. अमेरिकेत दारूबंदी असताना लाफ्रॉइग औषध म्हणून विकली गेली ही गोष्ट याच काळातली. वास घेतल्यावर अधिकाऱ्यांना ती पटायला फारसा वेळ लागला नसणार. १९३४ मध्ये ग्लासगोहून बेसी विल्यमसन नावाची तरुणी उन्हाळ्यापुरती कारकुनी करायला आली. हंटर आजारी पडल्यावर कारभार हळूहळू तिच्या हाती गेला आणि १९५४ मध्ये त्यांनी मृत्यूपत्राने डिस्टिलरी तिच्या नावे केली. त्या काळात स्कॉटलंडमध्ये एका स्त्रीकडे डिस्टिलरीची मालकी असणं फार दुर्मीळ होतं. विस्ताराला भांडवल लागणार हे ओळखून बेसीबाईंनी १९६० च्या दशकात टप्प्याटप्प्याने हिस्सा लाँग जॉन कंपनीला विकला, पण १९७२ पर्यंत काम त्यांच्याच देखरेखीखाली चाललं. मजल्यावर मोड आणण्याची जुनी पद्धत त्या काळात स्कॉटलंडभर बंद पडत होती. लाफ्रॉइगमध्ये ती टिकली. पुढे मालक बदलत गेले. २०१४ पासून डिस्टिलरी जपानच्या सनटोरीकडे आहे.

आता कामाकडे वळू. बार्लीत पिष्ट असतं, साखर नसते. पिष्टाची साखर करणारी विकरं दाण्यात जागी व्हावीत म्हणून त्याला मोड आणायचे. कोरड्या दाण्यातला ओलावा साधारण १२ टक्के असतो. दोनअडीच दिवस पाण्यात भिजवून आणि मधेमधे पाणी काढून टाकून तो ४५ टक्क्यांच्या आसपास नेतात. पाणी काढणं महत्त्वाचं, कारण सतत बुडालेला दाणा गुदमरतो आणि मोडच येत नाही. मग दाणे दगडी फरशीवर वीतभर जाडीच्या थरात पसरतात. फडक्यात घट्ट बांधलेली मटकी आतून गरम होते, तसाच हा थरही तापतो. म्हणून दिवसातून अनेकदा तो लाकडी फावड्यांनी आणि दातेरी अवजाराने उलटावा लागतो. उलटायला उशीर झाला तर मुळं एकमेकांत गुंतून गादी तयार होते, आतलं तापमान चढतं, काही दाणे जास्त वाढून पिष्ट खाऊन टाकतात आणि काही कच्चेच राहतात. उन्हाळ्यात खिडक्या उघडायच्या, थर पातळ करायचा, थंडीत उलट. साधारण आठवडाभरात मोड दाण्याच्या लांबीच्या तीनचतुर्थांशापर्यंत पोचला की थांबायचं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण बाटलीवरच्या मजकुरातून ती लक्षात येत नाही. लाफ्रॉइगच्या गरजेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढाच मॉल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेली बार्ली, तिच्या स्वतःच्या फरशीवर तयार होतो. बाकीचा बाहेरून येतो, मुख्यतः पोर्ट एलनच्या मोठ्या मॉल्टिंगमधून, जिथे बार्ली यंत्राने फिरणाऱ्या ड्रममध्ये मोडवतात. याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण ‘सगळं हाताने’ अशी समजूत करून घेऊन पैसे मोजू नयेत.

तरी तो पाचवा हिस्सा फुकट जात नाही, आणि याचं कारण भट्टीत आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं दलदलीत साचून अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. लाफ्रॉइगचं पीट बेटावरच्याच ग्लेनमाक्री भागातून हाताने विटांसारखं कापतात आणि वाऱ्यावर वाळवतात. ते पूर्ण सुकवत नाहीत. खडखडीत पीट ज्वाळेने जळतं. त्यातून उष्णता भरपूर मिळते, धूर कमी. थोडा ओलावा असलेलं पीट धुमसतं, आणि इथे हवा आहे तो धूरच. दुसरी अट दाण्याची. फिनॉल ओल्या सालाला चिकटतं, कोरड्याला नाही. म्हणून लाफ्रॉइगच्या भट्टीत आधी कमी उष्णतेवर साधारण १५ ते १७ तास नुसता पीटचा धूर देतात आणि त्यानंतरच गरम हवेने दाणे सुकवून ओलावा ४-५ टक्क्यांवर आणतात. आधी सुकवून मग धुरावलं तर पीट जळून जाईल आणि मॉल्टला वास लागणार नाही. उष्णता घाईने वाढवली तर साखर करणारी विकरं मरतील आणि पुढे मद्यार्काचं उत्पन्न घटेल. या थंड, लांब धुरीमुळे घरच्या मॉल्टला डांबरी अंग येतं. मग तो बाहेरच्या मॉल्टमध्ये मिसळतात.

इथे आकड्यांबद्दल सावध राहावं. लाफ्रॉइगचा मॉल्ट साधारण ४० ते ४५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फिनॉलचा असतो, असं सर्वत्र लिहिलेलं असतं. हा आकडा सुक्या मॉल्टचा आहे, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. काही फिनॉल चोथ्यात जातं, काही हंड्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यात, काही शेवटच्या धारेत. उरलेलं पिंपात वर्षागणिक कमी होतं. म्हणून दोन डिस्टिलऱ्यांचे पीपीएम ताडून ‘ही जास्त धुराची’ असा निकाल देणं चुकीचं ठरतं. हंड्यातून धार कुठे तोडली, हे तितकंच निर्णायक असतं.

दळण आणि साखर काढणं इतर ठिकाणांसारखंच. एका घाण्याला साडेपाच टन मॉल्ट. पीठ फार बारीक दळलं गेलं तर टाकीच्या तळाची जाळी बुजते आणि रस खाली उतरत नाही. पहिलं पाणी साधारण ६३-६४ अंशांचं. ते ७० च्या पुढे गेलं तर विकरं निकामी, फार खाली राहिलं तर पिष्ट फुलतच नाही. पाणी किलब्राइडच्या तलावातून येतं. ते पीटमुळे तपकिरी दिसतं खरं, पण व्हिस्कीच्या धुरात त्या रंगाचा वाटा नगण्य आहे. पाण्याचा खरा प्रश्न पुरवठ्याचा: फार कोरड्या उन्हाळ्यात बेटावरच्या डिस्टिलऱ्यांना उत्पादन थांबवावं लागतं. आंबवण स्टीलच्या सहा टाक्यांमध्ये, साधारण ५३-५५ तास, आणि हाती येतो ८-९ टक्क्यांचा वॉश, म्हणजे आंबलेला रस. ही वेळ फार लांब नाही. ज्या डिस्टिलऱ्या ८०-१०० तास आंबवतात त्यांच्याकडे फळांचा वास जास्त मिळतो. लाफ्रॉइगला तो नकोच आहे.

हंड्यांच्या खोलीत मात्र थांबायला हवं. पहिल्या फेरीचे तीन हंडे, दुसऱ्या फेरीचे चार, आणि त्या चारांतला एक बाकीच्यांच्या दुप्पट आकाराचा. मोठ्या हंड्यात दर लिटरमागे तांब्याचा स्पर्श कमी, म्हणून त्यातून निघणारं मद्य जड. लहान आणि मोठ्या हंड्यांचं मद्य एकत्र करूनच पिंपं भरतात, नाहीतर पिंपापिंपात चव बदलेल. पहिल्या फेरीत वॉश २० टक्क्यांच्या थोडा वर जातो. इथला धोका फेसाचा. हंड्याच्या मानेला काचेची खिडकी असते, तिथून फेस बघत आच कमी-जास्त करावी लागते. फेस नळीत चढला तर त्याच्याबरोबर कच्चा वॉश पुढे जातो आणि पुढची फेरी नासते.

दुसऱ्या फेरीत खरी निवड होते. आपल्याकडे हातभट्टीवर पहिल्या धारेचं कौतुक असतं, कारण तिची झिंग जास्त. लाफ्रॉइगमध्ये पहिल्या धारेतला थेंबही पिंपात जात नाही. सुरुवातीची सुमारे ४५ मिनिटं येणारी धार बाजूला काढून पुढच्या घाण्यात परत घालतात. आयलावर इतका वेळ पहिली धार टाळणारी दुसरी डिस्टिलरी नाही. या सुरुवातीच्या भागात उडून जाणारी, गोड-फळांच्या वासाची एस्टरं असतात. ती गेल्यावर उरलेलं मद्य कोरडं आणि गंभीर होतं. मग साधारण ७२ टक्क्यांपासून मधली धार घ्यायला सुरुवात होते आणि ती ६० च्या आसपास येईपर्यंत चालू राहते. जड फिनॉल उशिरा वाफ होतात, म्हणून धार जितकी खाली घ्याल तितका धूर, डांबर आणि औषधी वास जास्त. पण फार खाली गेलं तर ओल्या पुठ्ठ्याचा, घामट वास शिरतो. लाफ्रॉइगचा स्वभाव या दोन निर्णयांमध्ये आहे: सुरुवात उशिरा, शेवटही उशिरा. मॉल्ट मिलच्या हंड्यांचा घाट सारखा असूनही व्हिस्की वेगळी का निघाली असावी, याचा अंदाज इथे बांधता येतो. भट्टीची धुरी आणि धार तोडण्याची वेळ या गोष्टी तांब्याच्या घाटात दिसत नाहीत.

पिंपं बहुतेक केंटकीच्या मेकर्स मार्क बर्बनची, एकदाच वापरलेली. त्यांतून व्हॅनिला आणि नारळासारखी गोडी मिळते, म्हणूनच हा डांबरी रस पिण्याजोगा होतो. समुद्राला लागून असलेलं, पांढऱ्या भिंतीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलेलं गोदाम फोटोंत दिसतं, पण सगळी पिंपं तिथे मावत नाहीत. काही मुख्य भूमीवर मुरतात. समुद्राच्या वाऱ्याची गोष्ट न पटण्याचं हेही एक कारण.

हवामानाचा फरक मात्र खराच पडतो, आणि तो समजून घ्यायला गोव्यासारखं उदाहरण नाही. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीची ‘बोल्ड’ आयलाहून आणलेल्या पीटने धुरावलेल्या मॉल्टची आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के व्हिस्की उडते, गोव्यात सुमारे ८. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर आयलावर पिंपात ८२ टक्के उरते, गोव्यात जेमतेम ४३. त्यामुळे गोव्याची व्हिस्की लवकर बाटलीत भरावी लागते आणि लाकडाची गोडी तिच्यात लवकर चढते. धुराची व्हिस्की आपल्याला मानवते का, हे बघायचं असेल तर आधी ‘बोल्ड’ घ्यावी. ती ४६ टक्क्यांची आहे, तिचा धूर मवाळ आहे आणि खिशालाही हलकी आहे. ती आवडली तर लाफ्रॉइगकडे जावं.

आता बाटल्या. १० वर्षांची बाटली ब्रिटन-युरोपात ४० टक्क्यांची, अमेरिकेत ४३ ची. घेण्याआधी लेबल बघा; या तीन टक्क्यांनी डांबराचा जोर आणि घोटानंतर चव रेंगाळण्याचा वेळ दोन्ही बदलतात. ४० टक्क्यांच्या बाटलीत वास आश्वासन देतो आणि घोट मधेच पातळ होतो. तिच्यात रंगासाठी कॅरॅमल घालतात आणि ती थंड करून गाळतात, म्हणजे बर्फ टाकल्यावर ती गढूळ होत नाही. पण त्या गाळणीत तोंडात रेंगाळणारी तेलकट घटकद्रव्यंही जातात. भट्टीत १५ तास धूर द्यायचा, हंड्यावर पाऊण तास थांबायचं आणि शेवटी पाणी घालून हे सगळं मऊ करायचं, हे आम्हाला खटकतं. ‘सिलेक्ट’ही ४० टक्क्यांची, वेगवेगळ्या पिंपांचं मिश्रण. चव गोडसर आणि बेताची. ती घेऊ नये.

क्वार्टर कास्क २००४ मध्ये आली. बर्बनच्या पिंपात मुरलेली व्हिस्की शेवटचे काही महिने सुमारे १२५ लिटरच्या छोट्या पिंपात ठेवतात. गणित सरळ आहे: २०० लिटरच्या बॅरलपेक्षा इथे दर लिटरला साधारण १७ टक्के जास्त लाकूड लागतं, २५० लिटरच्या हॉग्सहेडपेक्षा सुमारे २६ टक्के. त्यामुळे लाकडाची गोडी जाड येते आणि ४८ टक्क्यांमुळे धूर तिच्याखाली दबत नाही. वय लिहिलेलं नाही, आणि थोडा तरुण तिखटपणा जाणवतो. तरी किमतीच्या मानाने लाफ्रॉइगची सर्वात सच्ची बाटली हीच. १० वर्षांची कास्क स्ट्रेंग्थ तुकड्यांनी येते आणि दर तुकडीचे टक्के वेगळे, बहुधा ५५ ते ६० च्या दरम्यान. हंड्यावर ठरलेलं सगळं इथे अखंड मिळतं: आधी राख आणि आयोडीन, मग मीठ, मग मधासारखी गोडी, आणि शेवट मिनिटभर टिकतो. परवडत असेल तर हीच घ्या. महाराष्ट्रात परवाना आणि २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. परदेशातून येताना प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, आणि त्यात ही एक बाटली आरामात बसते.

पिताना बर्फ टाळा. थंडीने गोडी झाकली जाते आणि डांबराचा कडवटपणा उघडा पडतो. सोड्याने उरलेला वास उडतो. पाणी मोजून घाला: ५७ टक्क्यांच्या ३० मिलीत ८ मिली पाणी घातलं की ती ४५ वर येते, क्वार्टर कास्कला तेवढ्याच मापाला अर्धा चमचा पुरतो. ४० टक्क्यांच्या बाटलीला पाण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष जायचं असेल तर केनाक्रेगहून पोर्ट एलनला फेरी सव्वादोन तासांच्या आसपास घेते आणि गावातून डिस्टिलरी पायी अर्ध्या तासावर आहे. लागावुलिन आणि आर्डबेगही त्याच पायवाटेवर असल्याने गाडी नसली तरी अडत नाही. मोडांची फरशी आणि भट्टी आतून पाहायला मिळणं हीच या भेटीची किंमत, पण देखभालीच्या सुट्टीत ती बंद असतात. तिकीट काढताना आधी विचारून घ्या. १९९४ पासून ‘फ्रेंड्स ऑफ लाफ्रॉइग’ योजनेत सभासदाला डिस्टिलरीजवळचा एक चौरस फूट जमिनीचा तुकडा नावे देतात आणि भाडं म्हणून भेटीच्या वेळी एक पेग. नोंदणीचा क्रमांक बाटलीच्या डब्यात असतो, तो फेकू नका. गाडी चालवणाऱ्यांनी मात्र तिथे पिऊ नये. स्कॉटलंडची मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम इतकी कडक आहे. चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून मागता येतो.

घरी आणलेली बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्क बूच खातो. निम्म्याहून खाली आली की दोनतीन महिन्यांत संपवा किंवा लहान बाटलीत गच्च भरून ठेवा, कारण मोकळ्या हवेत सर्वात आधी उडतो तो वरचा आयोडीनचा वास.